ऑर्केस्ट्रात शिरला की ट्रोल पाळीव होतो का? (ग्रीग, नॉर्वेची भुतं आणि पुढे)

रातकिडा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

नॉर्वेच्या लोककथांवरचं ऑर्केस्ट्रा संगीत म्हटलं की एकच नाव पुढे येतं, ग्रीग, आणि त्यातही एकच तुकडा, डोंगरातल्या राजाच्या दरबाराचा, जो दबक्या पावलांनी सुरू होतो आणि शेवटी घर डोक्यावर घेतो. जाहिराती, गेम, कार्टून, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे तोच. मला तो आवडतो, वाद नाही. पण गेले काही महिने मी त्या मूळ कथा वाचतोय, आस्ब्योर्नसेन आणि मू यांनी १८४० च्या दशकात गोळा केलेल्या, आणि त्यातले डोंगरातले राक्षसी ट्रोल, रानातली मोहिनी हुल्द्रा, पाण्यातला न्योक्केन हे काही गोंडस प्रकरण नाहीये. माणूस डोंगरात ओढला जातो तो परतला तरी डोक्यानं धड राहात नाही. तळ्याकाठी पांढरा घोडा उभा असतो, पोरं पाठीवर बसली की पाठ लांब लांब होत जाते आणि घोडा पाण्यात.

आता हे सगळं काळे कोट घातलेल्या ऐंशी लोकांनी समोर कागद ठेवून वाजवायचं. माझं मत असं की भूत त्या खेड्यातल्या फिडलमध्येच राहतं, ऑर्केस्ट्राच्या हाती फक्त त्याचे कपडे लागतात. मत खोडून काढा, आणि ग्रीगच्या पुढे काय ऐकावं तेही सांगा.

खवचट:
ट्रोल पाळीव होतो की नाही माहीत नाही, आपल्या संस्थळावर तर मोकाट फिरतात. पहिला नंबर माझा, आता जाणकार येऊ देत.

सुगरण:
वाचतेय. मला फक्त ते सकाळचं माहितीये, बासरीवालं. ते याच्यातलंच का?

अभ्यासू_अप्पा:
@सुगरण, हो, त्यातलंच. पण त्यात गंमत अशी की ती नॉर्वेतली सकाळ नाहीच. नॉर्वेचा नाटककार इब्सेन, त्याच्या 'पेर ग्युन्ट' नाटकाच्या चौथ्या अंकाच्या सुरुवातीचं ते संगीत आहे, पेरसाहेब तेव्हा उत्तर आफ्रिकेत आहेत, जहाज साथीदारांनी पळवलंय, आणि पुढे माकडांशी झटापट आहे. धुकं, फ्योर्ड, हिरवळ वगैरे सगळं आपण आणि पर्यटन खात्यानं मिळून घातलेलं.

रातकिडा, तुमच्या मुद्द्याला नाटकाच्या बाजूनं उत्तर देतो, जरा लांबेल.

इब्सेननं हे लिहिलं १८६७ मध्ये, इटलीत बसून, वाचायचं काव्यनाट्य म्हणून. १८७४ च्या जानेवारीत त्यानं ग्रीगला पत्र लिहून प्रयोगासाठी संगीत मागितलं, ग्रीगला वाटलं चार तुकड्यांत भागेल, ते काम वर्षभरापेक्षा जास्त चाललं आणि २४ फेब्रुवारी १८७६ ला क्रिस्टियानियात, म्हणजे आताच्या ऑस्लोत, पहिला प्रयोग झाला. आपण जे ऐकतो ते सूट, ग्रीगनं नंतर मैफिलीसाठी वेगळे काढलेले तुकडे. पहिल्या सूटचा क्रम बघा: सकाळ, मग आईचा मृत्यू, मग अनित्राचा नाच, मग डोंगरातला दरबार. नाटकात दरबार दुसऱ्या अंकात, आई तिसऱ्यात, सकाळ आणि अनित्रा चौथ्यात. म्हणजे कथा पार उलटीपालटी. शेवटी टाळ्या पडाव्यात म्हणून ट्रोल शेवटी, एवढंच कारण दिसतं.

आणि सूटमध्ये कोरस नाही! मूळ प्रसंगात तो वेग वाढत जातो तेव्हा ट्रोलांचा जमाव ओरडत असतो, मारा त्याला, ख्रिश्चनाच्या पोरानं राजाच्या पोरीला नादी लावलं, कुणी म्हणतं बोट कापू, कुणी म्हणतं केस उपटू. त्या ओरडण्यासकट ऐका आणि मग सांगा पाळीव वाटतं का. संपूर्ण संगीताची ध्वनिमुद्रणं आता सहज मिळतात.

रातकिडा:
अप्पा, दंडवत. कोरसवालं आत्ता ऐकलं. मान्य, जमाव अंगावर येतो. पण ती भीती जमावाची झाली हो, डोंगराची नाही. मॉब कुठल्याही देशात तसाच ओरडतो.

साशंक:
एक आगाऊ प्रश्न. हे "लोककथांचं संगीत" प्रकरण मुळात राष्ट्रवादाची जाहिरात नव्हतं का? १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात, मग १९०५ पर्यंत स्वीडनशी बांधलेले. आपलं वेगळेपण दाखवायला शहरातले शिकलेले लोक दऱ्याखोऱ्यांत गेले, कथा गोळा केल्या, सुरावटी गोळा केल्या, त्यांना लाइपझिगला शिकलेल्या हार्मनीचा कोट चढवला. मग त्यात भूत राहीलच कसं? भुतानं पासपोर्ट काढला ना.

खवचट:
"भुतानं पासपोर्ट काढला" हे वाक्य चोरण्यात येत आहे.

अभ्यासू_अप्पा:
साशंक, अहो हीच तर मेख आहे. इब्सेनचे ट्रोल हे त्याच राष्ट्रवाद्यांची टिंगल आहेत. दरबारात पेरला काय सांगतात? ट्रोलानं आपल्यापुरतं असावं, तेवढं पुरे. बाहेरचं काही नको, घरची दारू प्या मग ती कशीही लागो, शेपटी बांधा आणि आमचंच खरं म्हणा. शेवटी डोळ्याला चीर द्यायची म्हणतात म्हणजे वाकडं दिसायला लागेल आणि सगळं सुंदर वाटेल. शेपटीपर्यंत पेर तयार होतो, डोळ्याला नाही. आत्मसंतुष्ट देशभक्तांचं यापेक्षा जहरी चित्र मी नाटकात फार पाहिलं नाही.

आणि ग्रीगला हे चांगलं कळत होतं. आपल्या मित्राला, फ्रान्स बायरला, १८७४ च्या पत्रात तो लिहितो की दरबाराचं जे लिहिलंय ते मलाच ऐकवत नाही, त्याला गाईच्या शेणाचा, अतिनॉर्वेजियनपणाचा आणि ट्रोली आत्मसंतोषाचा वास मारतो. म्हणजे ते मुद्दाम तसं केलंय. पुढे देशानं तेच राष्ट्रीय संगीत म्हणून उचललं, ते वेगळं.

साशंक:
हे माहीत नव्हतं. रोचक.

तरफ:
मी व्हायोलिन शिकतो (हिंदुस्थानी), थोडी सारंगीही छेडून बघितलीये, त्यामुळे सुरांकडून येतो.

दरबाराची पहिली ओळ आपल्या भाषेत लिहून बघितली. षड्ज बी धरला तर: सा रे ग॒ म प ग॒ प, इथपर्यंत सरळ साधं, कुणीही गुणगुणेल. लगेच पुढे म॑ रे म॑, आणि त्याच्या पाठोपाठ म रे॒ म. म्हणजे तीव्र मध्यमावरून अर्धा सूर खाली घसरून शुद्ध मध्यम, आणि रिषभ पण सोबत कोमल झाला. चार सेकंदांत दोन्ही मध्यम आणि दोन्ही रिषभ. कुठल्या रागात बसवाल? मला विचाराल तर सगळा कपटीपणा त्या घसरण्यात आहे, वेग वगैरे नंतरचं. वर ही ओळ सुरुवातीला चेलो, डबल बेस बोटांनी छेडून वाजवतात आणि खाली बसून बघा तर बसून वाजवणाऱ्यांत बसून आहेत ते बसून... सॉरी, बसून म्हणजे बसून नाही, बासून, खर्जातलं फुंकायचं वाद्य. ऑटोकरेक्टनं जीव घेतलाय. तर बासून आणि छेडलेल्या तारा. नंतर ग्रीग नवीन काहीच आणत नाही, तीच ओळ, खालच्या सुरावरून, पंचमावरून, पुन्हा खालून, वाद्यं वाढत जातात बस्स. १९३१ च्या एका जर्मन सिनेमात लहान मुलांचा खुनी हीच धून शिट्टीवर वाजवत येतो, एकटी शिट्टी, ऑर्केस्ट्रा नाही, काही नाही. तरी काटा येतो. म्हणजे रातकिड्याच्या मुद्द्याला थोडा आधारच झाला की.

आता @सुगरण यांची सकाळ: प ग रे सा रे ग, प ग रे सा रे ग रे ग. पाच सुरांत चाललंय. भूप.

सुगरण:
अय्या, खरंच की! गाऊन बघितलं. पण भूप तर संध्याकाळचा ना?

तरफ:
ग्रीगला देसकार म्हणू दिलं असतं तर वेळ जुळली असती, सूर तेच. पण देसकारासारखा धैवतावर जोर नाहीये तिथे, गंधार-पंचमाशीच खेळतो, त्यामुळे मी भूपालाच मत देतो.

खवचट:
आफ्रिकेतल्या सकाळी नॉर्वेच्या माणसानं संध्याकाळचा राग गायला. बरोबर आहे, पेरचा सगळा कारभारच असा.

पाऊसवेडी:
उशिरा आले, भारतातल्या रात्री तुमचा धागा पळतो आणि आम्ही ऑफिसात. मी बर्गनला राहते, बरीच वर्षं झाली, आयडीवरून हवामान कळलंच असेल.

तरफ, तुमच्या नावाचीच गोष्ट आहे सगळी. हार्डांगर फिडल म्हणजे दिसायला व्हायोलिन, पण वर चार तारा आणि खाली, पडद्याच्या... फिंगरबोर्डच्या खालून जाणाऱ्या अजून चार किंवा पाच, ज्यांना गज लागत नाही, त्या आपोआप गुंजतात. तुमच्या सारंगीच्या तरफाच. शिंपल्याचं जडावकाम, डोक्याशी सिंहाचं किंवा बाईचं मुंडकं कोरलेलं. त्या खालच्या तारा साधारण ज्या सुरांना लावतात, त्या नुसत्या छेडल्या की तुमची ती भूपातली ओळ निघते. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या वादकानं माझ्यासमोर करून दाखवलं, गज बाजूला ठेवून नखानं तारा एकेक छेडल्या, आणि तिथेच मला ती "आफ्रिकन" सकाळ परत नॉर्वेची झाली.

आता भूत. इथल्या समजुतीप्रमाणे फिडल शिकायला फोसेग्रिमकडे जायचं. तो धबधब्याखाली बसून वाजवतो. गुरुवारी संध्याकाळी गुपचूप जाऊन मटण द्यायचं. मटण भरपूर असेल तर तो तुमची बोटं धरून तारांवर ओढतो, रक्त निघेपर्यंत, आणि मग तुम्ही असं वाजवता की झाडं नाचतात. आणि मांस कमी, नुसतं हाडूक असेल, तर तो फक्त तारा जुळवायला शिकवतो, वाजवायला नाही.

खवचट:
आमच्या तबल्याच्या क्लासमध्ये हीच पद्धत होती, फक्त मटणाऐवजी फी.

तरफ:
@खवचट 😂 पाऊसवेडी, नुसत्या जुळवणीत आयुष्य घालवणारे इथे पण भरपूर आहेत, त्यांनी कसलं हाडूक दिलं असेल देव जाणे. तो तरफांचा सूर इकडच्या कुणीतरी सांगायलाच हवा होता, धन्यवाद.

रातकिडा:
बघा म्हणजे, माझंच म्हणणं. फिडलमध्ये रक्त आहे. ऑर्केस्ट्रात काय आहे?

पाऊसवेडी:
थांबा की, ऑर्केस्ट्राकडेच येतेय. योहान हाल्वोर्सेन, १८६४ चा जन्म, ऑस्लोच्या राष्ट्रीय नाट्यगृहात ऑर्केस्ट्राचा प्रमुख, स्वतः कसलेला व्हायोलिनवाला. दक्षिण नॉर्वेतल्या तेलेमार्कचा क्नूट डाले नावाचा म्हातारा फिडलर ग्रीगला पत्र लिहितो की माझ्याबरोबर या चिजा मरतील, कुणीतरी लिहून घ्या. ग्रीगनं हे काम हाल्वोर्सेनला सोपवलं, १९०१ मध्ये त्यानं डालेसमोर बसून सतरा चिजा उतरवून घेतल्या, आणि त्यावरून ग्रीगनं पियानोसाठी ओपस ७२ केला. डाले ज्यांच्याकडून शिकला त्यात म्यूलारगुटेन होता, तेलेमार्कचा सगळ्यात नावाजलेला वादक, ज्यानं आत्मा सैतानाला विकलाय असं लोक म्हणायचे. नॉर्वेचा गाजलेला व्हायोलिनवादक उले बुल, त्यानं त्याला १८४९ मध्ये राजधानीत आणून मोठ्या सभागृहात वाजवायला लावलं होतं.

आता पुढचं ऐका. १९०५ मध्ये याच म्यूलारगुटेनच्या आयुष्यावर 'फोसेग्रिमेन' नावाचं नाटक आलं, त्याला संगीत हाल्वोर्सेनचं, आणि त्यात ऑर्केस्ट्रासमोर खरीखुरी हार्डांगर फिडल. ती वाजवली हाल्वोर्सेननं स्वतः. म्हणजे भुताची नक्कल व्हायोलिनवर करण्याऐवजी वाद्यच आणून बसवलं. कंडक्टर नीमे यार्वी आणि बर्गन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रानी केलेलं आहे, ऐका. ते वाद्य सुरू होतं तेव्हा बाकीचा ऑर्केस्ट्रा एकदम शहरी वाटायला लागतो.

मेटलहेड_नाशिक:
सुरेख माहिती. मी पार उलट्या टोकाकडून इथे आलोय, नॉर्वेच्या ब्लॅक मेटलमधून. आम्हाला किटेलसेनची चित्रं पाठ असतात, तो पाण्यातून डोळे वर काढलेला न्योक्केन, प्लेगच्या काळ्या साथीवरच्या चित्रांतली झाडू घेऊन येणारी म्हातारी. दुसरं म्हणजे आर्बोचं १८७२ चं ते आकाशातून उधळत जाणाऱ्या स्वारांचं चित्र, ओस्गोर्द्सराइया. ते एका स्वीडिश बँडच्या १९८८ च्या अल्बमवर आलं आणि आमच्या पिढीला तिथून कळलं. याच विषयावर उले उल्सेन नावाच्या संगीतकाराची ऑर्केस्ट्रा रचना आहे. नाताळच्या सुमारास हे स्वार येतात, वाटेत सापडेल त्याला घेऊन जातात, म्हणून लोक दारावर डांबरानं क्रूस काढायचे. संगीत खरं सांगायचं तर हंगेरियन संगीतकार लिस्टच्या वळणाचं आहे, घोडे चांगले दौडतात पण मला डांबराचा वास आला नाही. रातकिडा १, ऑर्केस्ट्रा ०.

साशंक:
मेटलवाले आणि ग्रीगवाले एकाच धाग्यात, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

अभ्यासू_अप्पा:
स्कोअर ठेवायचाच असेल तर बॉय्गचा गुण मला द्या. लोककथेतला पेर ग्युन्ट हा गुडब्रान्सदालचा शिकारी. अंधारात झोपडीकडे जाताना त्याच्या पायाला काहीतरी लागतं, थंड, बुळबुळीत, प्रचंड. कुठूनही जा, ते आडवंच. तोच बॉय्ग. इब्सेननं ते नाटकात घेतलं: दरबारातून पळाल्यावर मिट्ट काळोख, आणि एक आवाज फक्त म्हणतो, वळसा घालून जा. कोण आहेस विचारलं तर मी. बस, मीच. आपल्याकडे कोकणात, देशावर चकवा लागतो म्हणतात ना, रात्रभर चालून माणूस सकाळी तिथल्या तिथेच, ती जात आहे ही. याला ग्रीगनं संगीत दिलंय पण ते सूटमध्ये नाही, कारण त्यात धून म्हणावी असं काही नाही, संवादाच्या मागे कडक तुटक आघात आणि दुरून घंटा. मैफिलीत कोण वाजवणार? मला वाटतं ग्रीगचा सगळ्यात खरा ट्रोल तिथे आहे, आणि तो लोकप्रिय झाला नाही हे ओघानंच आलं.

रातकिडा:
ऐकलं अप्पा. दोनदा ऐकलं. हे पटलं. धून नसणं हीच भीती. अर्धा गुण ऑर्केस्ट्राला, अर्धा काळोखाला.

सुगरण:
मी मध्येच विचारते, त्या डोंगरातल्या मुलींची गोष्ट कुणी लिहाल का? कुठेतरी ओझरतं वाचलं होतं, दगड झाल्या त्या.

पाऊसवेडी:
किव्लेदालच्या मुली. तेलेमार्कात सेल्योर्दजवळ. तिघी जणी डोंगरावर शेळ्या राखायच्या आणि शिंग वाजवायच्या. एका रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चाललेली असताना वरून तो आवाज आला आणि लोक एकेक करून उठून बाहेर ऐकायला गेले. पाद्री चिडला, त्यानं शाप दिला, तिघी शेळ्यांसकट कड्यात दगड झाल्या. कड्यावर अजून दाखवतात. ओपस ७२ मध्ये त्यांच्या नावाच्या चिजा आहेत. मला ही गोष्ट फार लागते कारण उलट बाजूही खरी आहे, १९ व्या शतकात धर्मजागृतीची लाट आली तेव्हा सैतानाचं वाद्य म्हणून किती फिडली लोकांनी स्वतःच्या हातानं जाळल्या, फोडल्या.

आणि हाल्लिंगदालची फानितुलेनची गोष्ट त्यातलीच. लग्नात दोघांची सुऱ्यांनी मारामारी जुंपलेली, एक जण तळघरात बिअर काढायला जातो तर पिंपावर कुणीतरी बसून फिडल वाजवतंय आणि पायानं पिंपावर ताल धरतंय. पाय खुराचा. वर येतो तर एक मेलेला. तळघरात ऐकलेली ती चीज अजून वाजवतात, त्यासाठी वाद्याची जुळवणी वेगळी करावी लागते. १७२४ सालची म्हणतात.

तरफ:
जुळवणी बदलणं हा तर फार मोठा विषय आहे, एकेका जुळवणीला एकेक वातावरण, आणि ट्रोलांच्या नावाचीही एक जुळवणी आहे त्यांच्यात, ए, ई, ए, सी शार्प. ऑर्केस्ट्रातली चौदा व्हायोलिनं कोण परत जुळवणार मध्येच.

पण मला ऑर्केस्ट्राची खरी अडचण तालात वाटते. तेलेमार्कचा स्प्रिंगार हा नाच घ्या. लिहिताना तीन मात्रा, पण त्या सारख्या नाहीत, पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. वादक पाय आपटत वाजवतो, तो पायच त्याचा तबला. कंडक्टरची काठी बघून वाजवणाऱ्यांना हे जमत नाही, ते आपसूक सारखं करून टाकतात आणि मग स्प्रिंगारचा वॉल्ट्झ होतो. भूत मेलं म्हणतात ते इथे मेलं.

मध्यमाचंही तेच. त्यांची विलोच्या सालीची बासरी असते, तिला बोटांची भोकंच नाहीत, टोक बंद-उघडं करून आणि फुंक कमीजास्त करून नैसर्गिक सूर काढायचे. त्यात मध्यम येतो तो धड शुद्ध नाही, धड तीव्र नाही, दोघांच्या मधे. पियानोवर ते बटणच नाही. ग्रीग मग तीव्र मध्यम घेतो, त्याच्या संगीताला तो खास वास येतो तो त्यानं. पण मधला सूर गेला तो गेलाच.

अभ्यासू_अप्पा:
तरफ, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. हार्मोनियमनं आपल्या श्रुतींचं काय केलं, या वादाची आठवण झाली.

तरफ:
अप्पा, त्यांच्याकडे त्या वादाला एक भारी माणूस मिळाला, आइविंद ग्रूवेन, तेलेमार्कचाच, घरात फिडल. १९२७ मध्ये त्यानं या नैसर्गिक स्वरसप्तकावर लिहिलं, आणि पुढे असा ऑर्गन बनवला की तुम्ही साधी पट्टी दाबा, आतली यंत्रणा त्या क्षणी लागणारा शुद्ध सूर आपोआप निवडते. हा माणूस ऑर्केस्ट्रासाठीही लिहायचा. त्याचं ड्राउमक्वेदे ऐका, १९६३ चं, गायक, कोरस आणि ऑर्केस्ट्रा. जुनं गीत आहे, उलाव नाताळच्या आदल्या रात्री झोपतो तो तेरा दिवसांनी उठतो आणि मेल्यावर काय असतं ते सांगत चर्चच्या दाराशी बसतो.

मेटलहेड_नाशिक:
तेरा दिवस झोप. हेवा वाटला.

साशंक:
गाइर त्वाइट कसा आला नाही अजून? मी कुरकुर्‍या खरा पण याच्यासाठी लिहितो. हार्डांगरचा माणूस, १९०८ ते १९८१. गावोगावच्या चिजा घेऊन त्यानं शंभर हार्डांगर सुरावटी केल्या, पियानोसाठी आणि ऑर्केस्ट्राच्या सूटमध्ये. १९७० मध्ये घराला आग लागली आणि आयुष्यभराच्या कामातलं बहुतेक गेलं, हस्तलिखितं लाकडी खोक्यांत घरीच होती. ऑर्केस्ट्राचे चार सूट वाचले, पहिला, दुसरा, चौथा, पाचवा. पाचवा पूर्ण ट्रोलांचा आहे. आता त्या सूटमधला ऑर्केस्ट्रा ऐका, वितळल्यासारखा वाजतो, खाली घंटा, हार्प, सेलेस्टा गुंजत राहतात. @तरफ, हे म्हणजे अख्खा ऑर्केस्ट्रा तरफा झालाय असं मला वाटलं, तुम्ही ऐकून सांगा. शिवाय हार्डांगर फिडल आणि ऑर्केस्ट्रासाठी दोन कॉन्सर्टो, १९५५ आणि १९६५.

आणि राष्ट्रवादाचं माझं तुणतुणं: तीसच्या दशकात हा माणूस जुन्या नॉर्स धर्माच्या नादी लागलेल्या वर्तुळात वावरत होता, ज्यातले काही पुढे भलतीकडे, म्हणजे नाझींकडे गेले, आणि युद्धानंतर त्याला त्याची किंमत मोजावी लागली. हे विसरून ऐकायचं नाही. लक्षात ठेवून ऐकायचं.

तरफ:
रात्री हेडफोन लावून पाचवा सूट ऐकला. हो. अगदी तसंच. ग्रीग सुरावट घेऊन खाली हार्मनी घालतो, त्वाइट सुरावटीचा गुंजारव लिहून काढतो. मधला मध्यम तोही आणू शकत नाही पण दोन्ही एकावर एक ठेवून इतका घोळ घालतो की कान मधलाच ऐकतो. साशंक, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

खवचट:
साशंकनी कुणाचीतरी शिफारस केली. दारावर डांबरानं क्रूस काढा रे.

पाऊसवेडी:
😂 ग्रीगवर आज फार झोड उठली म्हणून थोडं. ट्रोलहाउगेनला, त्याच्या घरी, मी पाहुणे आले की नेते. ट्राममधून होप स्टॉपला उतरून वीसेक मिनिटं चालायचं. खाली तळ्याकाठी त्याची लिहायची एका खोलीची झोपडी आहे, आत पियानो, आणि खुर्चीवर बेठोव्हनच्या सोनाटांचं जाडं पुस्तक, कारण साहेब पाच फुटांचे, हात पोचेनात. वर गवताच्या छपराचं छोटं सभागृह आहे, १९८५ चं, दोनशे माणसांचं, वादकाच्या मागे काच आणि काचेतून ती झोपडी दिसते. तिथे एकदा 'ट्रोलांची वरात' ऐकली पियानोवर. मग घरी येऊन त्यानंच ऑर्केस्ट्रासाठी केलेली ऐकली, लिरिक सूटमधली. ऑर्केस्ट्रात ती जास्त खट्याळ आहे, भीतीदायक नाही. पण मला प्रश्नच पडतो, ट्रोल सगळे भीतीदायकच कशाला हवेत? इथे आजीबाई सांगतात त्या गोष्टींत अर्धे ट्रोल मठ्ठ असतात, पोरं त्यांना खाण्याच्या पैजेत हरवतात. ग्रीगनं ते पकडलंय. रातकिडा, तुम्ही फक्त काळ्या गोष्टी वाचताय.

रातकिडा:
पाऊसवेडी, मुद्दा बिनतोड आहे पण मी वरातीला भुतात धरत नाही. मठ्ठ ट्रोलाला ऑर्केस्ट्रा छान जमतो, हे लिहून देतो. न्योक्केन जमतो का ते सांगा.

साशंक:
त्वाइटची न्योक्केन नावाची ऑर्केस्ट्रा रचना आहे. तोच पांढरा घोडा. पहिली काही मिनिटं नुसतं तळं, काही घडतच नाही, ती मिनिटं सोडून पुढे ढकलू नका.

अभ्यासू_अप्पा:
आणि राष्ट्रवादाच्या हिशेबाला एक शेवटचं नाव, हाराल्ड सेवेरूद. १९४८ मध्ये ऑस्लोच्या नॉर्स्के थिएटरनं पेर ग्युन्ट मुद्दाम ग्रीगशिवाय केलं, ग्रामीण बोलींवरून घडवलेल्या नॉर्वेजियन लेखनभाषेत, गोडवा काढून टाकून, आणि नवं संगीत सेवेरूदकडून घेतलं. त्याचे ट्रोल ऐका, कडू, ओबडधोबड, हसू येतं आणि लगेच जातं. युद्धाच्या काळात जर्मन बराकी बघून संतापानं लिहिलेली त्याची क्येम्पेव्हिसेस्लोत्तेन पण ऐका, जुन्या वीरगीताच्या वळणाची, प्रतिकार करणाऱ्यांना वाहिलेली. ट्रोल कोण आहेत हे तिथे सांगावं लागत नाही.

मेटलहेड_नाशिक:
क्येम्पेव्हिसेस्लोत्तेन आत्ता ऐकलं. अप्पा, हे आमच्या गँगला पाठवतोय. शेवटची दोन मिनिटं म्हणजे शुद्ध मेटल आहे, डिस्टॉर्शनशिवाय.

रातकिडा:
तर माझा हिशेब. जिथे वाद्यच आणून बसवलंय (हाल्वोर्सेन, त्वाइटचे कॉन्सर्टो), जिथे धून सोडून दिलीय (बॉय्ग), आणि जिथे ऑर्केस्ट्राच गुंजतो (त्वाइटचा पाचवा सूट), तिथे मी हरलो. सुरावट घेऊन तिला छान कपडे घातलेत, सगळ्या नॉर्वेजियन ऱ्हॅप्सडी वगैरे, तिथे माझं मत कायम, ऐकायला गोड आणि बाकी काही नाही. स्वेंडसेनच्या चाहत्यांनी दगड मारायला हरकत नाही.

तरफ:
स्वेंडसेनच्या ऱ्हॅप्सडी मला आवडतात, एक दगड माझा.

सुगरण:
आमच्याकडे काल त्वाइट लावला होता, सासूबाई म्हणाल्या कुणाचा तरी टीव्ही बंद करायचा राहिलाय का. मग शेवटपर्यंत बसून ऐकला त्यांनी. पाऊसवेडी, खरी हार्डांगर फिडल समोर ऐकायची तर कुठे जायचं? पुढच्या वर्षी लेकीकडे स्टॉकहोमला येणार आहोत.

पाऊसवेडी:
उन्हाळ्यात या. लांड्सकापलाइकेन म्हणून देशभरच्या फिडलरांची स्पर्धा असते, दर वर्षी वेगळ्या गावी. स्टेजवरचं ऐकाच, पण खरी मजा बाहेर तंबूंपाशी रात्री उशिरा, तेव्हा वादक एकमेकांसाठी वाजवतात. स्वेटर घेऊन या, उन्हाळा म्हटलं म्हणून फसू नका. आणि बर्गनला आलात तर माझ्याकडे उतरा, छत्री देईन.

खवचट:
गुरुवार असेल तर मटण घेऊन जा.